नववे कलम आणि ताईची बोटे

आमच्या घरातला दिवस सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू होतो. गजर सहाला होतो, पण तो बंद करायला मला दहा मिनिटे लागतात. तोवर माझी थोरली बहीण उठून, अंथरुणाची घडी घालून, चहाचे आधण ठेवून मोकळी झालेली असते. सव्वासहाला पत्नी दारातले दूध आणि वर्तमानपत्र आत घेते. साडेसहाला मी वर्तमानपत्र उघडतो आणि शासकीय जाहिरातींच्या भाषेतल्या चुका लाल पेन्सिलीने खुणावतो. हे काम मला कोणी सांगितलेले नाही, आणि त्याबद्दल आजवर कोणी आभारही मानलेले नाहीत. पावणेसातला ताई चहा ओतते.

त्या सकाळी माझी नजर सहज वर गेली, म्हणून मला दिसले, की ताई कपाकडे पाहत नव्हती. मान थोडी कलती करून ती ऐकत होती. कप भरत आला की चहाच्या धारेचा आवाज बारीक होत जातो. त्या आवाजावर ती हात थांबवत होती. तिन्ही कप सारखे भरले. बशीत एक थेंब नाही.

"ताई, तुला दिसत नाही का गं?"

"दिसतं की."

"काय दिसतं?"

"तू दिसतोस. एवढा ऐसपैस बसला आहेस, न दिसायला काय झालं?"

पत्नी ओट्याकडून म्हणाली, "अहो, वन्सं गेले दोन महिने आवाजावरच ओततात. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हते. मी दोन महिने जाहिराती तपासत होतो.

नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. उजव्यातूनही धूसरच दिसत होते, पण तो थांबू शकत होता. डावा पिकून कडक होत चालला होता, आणि आणखी सहा महिने थांबलो तर त्या डोळ्याची खात्री त्या देत नव्हत्या. शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर वर्षातून दोनदा येत, आणि या खेपेला ते एकोणीस तारखेला येणार होते. ताईचे नाव यादीत घातले गेले. मग खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, "रहिवासी क्रमांक?"

"अजून काढलेला नाही," मी म्हणालो.

"एक तारखेपासून त्याच्याशिवाय शस्त्रक्रिया नाही. कायदाच आहे तसा."

दुसरा कोणी असता, तर वैतागला असता. माझी मात्र छाती फुगली. मी विधी विभागात भाषा अधिकारी आहे, आणि राज्याच्या 'रहिवासी अंकीय ओळख अधिनियमा'चा मसुदा तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावरून गेलेला आहे. त्यातले नववे कलम तर अथपासून इतिपर्यंत माझे. "नोंदणीसाठी रहिवाशाच्या दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे किंवा डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेण्यात येईल." एका वाक्यात सगळे कलम! हे वाक्य सभागृहात वाचले गेले तेव्हा एकाही सदस्याने अर्थ विचारला नाही, आणि ही घटना आमच्या विभागात अजून सांगितली जाते. निदान मी तरी सांगतो. त्या महिन्याच्या अखेरीला 'सुबोध विधिभाषे'चे प्रशस्तिपत्र मला मिळायचे होते, ते या कलमासाठीच.

"हे कलम मी लिहिलं आहे," मी कारकुनाला म्हणालो.

"मग लवकर काढा की क्रमांक," तो म्हणाला.

नोंदणी केंद्र आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर, पूर्वी जिथे व्यायामशाळा होती त्या लांबट खोलीत होते. भिंतीवर आरसे तसेच राहिल्यामुळे वीस माणसांची रांग चाळीस माणसांची दिसे आणि येणाऱ्याचे अर्धे अवसान दारातच गळे. यंत्रावर एक तरतरीत मुलगी होती. तिच्या आणि नागरिकांच्या मध्ये लाकडी आडोसा, आडोशाच्या अलीकडे काच असलेली छोटी पेटी. ताईचे नाव आणि वय लिहून, फोटो काढून झाला.

"आजी, चार बोटं काचेवर ठेवा."

ताईने बोटे ठेवली. "पुन्हा प्रयत्न करा," पेटी अत्यंत गोड आवाजात म्हणाली. ताईने पुन्हा ठेवली. असे चौदा वेळा झाले. प्रत्येक वेळी पेटीचा गोडवा कायम होता. माझा कमी होत गेला.

मुलीने ताईचा हात उलटा करून दिव्याखाली धरला. "अहो, या बोटांवर रेघाच नाहीत!"

त्या नव्हत्याच. ताईने चौतीस वर्षे विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकबांधणी केली. खळ लावायची, कागद दुमडायचा आणि घडीवरून बोट दाबून ओढायचे, दिवसातून हजार वेळा. हाडाची पट्टी मिळते त्यासाठी. पण ताईचे म्हणणे, पट्टीला कागद कळत नाही, बोटाला कळतो. निवृत्तीनंतरही ग्रंथालय खिळखिळी पुस्तके तिच्याकडे घरी पाठवते. माझी पदवी, माझी नोकरी आणि माझे ते एका वाक्यातले कलम या सगळ्याचा खर्च त्या बोटांनी उचलला आहे. रेघा तिथेच गेल्या.

बातमी आम्ही जिना चढण्याआधी शेजारी पोहोचली होती. आमच्या खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात, आणि ते सगळ्यांना विद्यार्थी समजतात.

"साधी गोष्ट आहे," मास्तर म्हणाले. "कातडी कोरडी पडली आहे. ग्लिसरीन! तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. रेघा कुठे जात नाहीत, दबलेल्या असतात."

"मास्तर, त्या झिजल्या आहेत."

"पदार्थ नष्ट होत नाही, हे तुम्हाला आठवीत शिकवलं असेल."

तीन दिवस ताई हातात पातळ मोजे घालून बसली. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा आरशांच्या खोलीत. ताईने चार बोटे काचेवर ठेवली, ती घसरली आणि थेट पलीकडच्या शाईच्या बाटलीवर जाऊन आदळली. ठसा उमटला नाही तो नाहीच. काचेवर मात्र असा थर बसला, की त्यानंतरच्या अकरा माणसांना पेटीने "पुन्हा प्रयत्न करा" असे सांगितले. ते अकराही जण आमच्याकडे पाहू लागले. आरशामुळे ते बावीस होते. मी खिशातला रुमाल काढून राज्य शासनाची काच पुसत असताना मागून एक गृहस्थ म्हणाले, "घरून तेल लावून कशाला आणता म्हातारीला? कुस्ती आहे का?"

"ग्लिसरीन आहे," मी म्हणालो. माणसाने अशा वेळी तरी अचूक असावे.

"आपण डोळे घेऊ," यंत्रावरची मुलगी म्हणाली. "आजी, या दुर्बिणीत हिरवा दिवा दिसतोय ना, त्याच्याकडे बघा."

"कुठला दिवा?" ताई म्हणाली.

"हिरवा. समोर."

"बाई गं, दिवा दिसला असता तर मी इथे कशाला आले असते?"

नजर दिव्यावर ठरल्याशिवाय यंत्र प्रतिमा घेत नव्हते. मुलीने कपाळाला हात लावला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी क्रमांक हवा, क्रमांकासाठी डोळे हवेत. अशा चक्राची मला एरवी फार गंमत वाटली असती. मी ते कुठल्या तरी व्याख्यानात उदाहरण म्हणूनही वापरले असते.

"पण बोटं अजून नीट ठेवली जात नाहीयेत," मी मुलीला म्हणालो. मला अजूनही वाटत होते, की दोष ठेवण्याच्या पद्धतीत आहे. कलमात दोष असणे शक्य नव्हते. मी ताईला बाजूच्या खुर्चीवर बसवले आणि तिच्या जागी उभा राहिलो. "ताई, इकडे लक्ष दे. मनगट सरळ. बोटं सुटी, पण फार नाही. दाब सगळ्या बोटांवर सारखा. असा. मग डावा हात, असा. मग दोन्ही अंगठे एकत्र. हं, असे." मी कुठलेही काम अर्धवट करत नाही. प्रात्यक्षिकही मी पूर्ण केले.

आडोशापलीकडून आनंदाची आरोळी आली. "आलं! हिरवं आलं! झालं आजी!"

आता यात मुलीची चूक म्हणावी, तर तिला आडोशावरून फक्त पडदा दिसत होता. ताईची म्हणावी, तर तिला काहीच दिसत नव्हते. मला सगळे दिसत होते. पण मला वाटले, की ताईच्या आधीच्या पंधरा प्रयत्नांचे फळ यंत्राने जरा उशिरा दिले. सरकारी काम आहे, वेळ लागतो. रांगेने टाळ्या वाजवल्या. कुस्तीवाल्या गृहस्थांनीही वाजवल्या.

तीन दिवसांनी फोनवर संदेश आला: नोंदणी यशस्वी. मास्तरांनी ग्लिसरीनचे श्रेय घेतले. पत्नी म्हणाली, "बघा वन्सं, उगीच घाबरलात." मी कार्यालयात सहकाऱ्यांना सांगितले, की नववे कलम कठिणातल्या कठीण कसोटीला उतरले आहे.

बारा तारखेला, गुरुवारी, मी माझ्या स्वतःच्या नोंदणीसाठी गेलो. आम्हा कर्मचाऱ्यांना महिनाअखेरची मुदत होती. मी बोटे ठेवली, मनगट सरळ, दाब सारखा.  मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमची नोंदणी आधीच झाली आहे."

"कशी होईल?"

"झाली आहे. स्त्री. वय त्रेसष्ट. हा बघा फोटो."

पडद्यावर ताई होती. मी काही वेळ तिच्याकडे आणि ती काही वेळ माझ्याकडे पाहत राहिलो. कायद्याच्या दृष्टीने मी माझी थोरली बहीण झालो होतो. आणि माझी थोरली बहीण कोणीच नव्हती.

"मग हे दुरुस्त करा," मी म्हणालो.

"दुरुस्तीसाठी नोंद ज्यांच्या नावावर आहे, त्यांचा ठसा लागतो."

"तो माझा आहे."

"हो, पण तुम्ही त्या नाही."

"मग त्यांचा घ्या."

"त्यांचा येत नाही ना, काका." ती रडकुंडीला आली होती. "दोन्ही येत नसतील तर काय करायचं, ते कायद्यात लिहिलंच नाहीये. एवढी मोठी माणसं कायदा लिहितात, कोणाच्या डोक्यात आलं नसेल का हे?"

त्या क्षणी माझ्या मनात जो संताप उसळला, तो पूर्णपणे निःस्वार्थी होता. मला पक्के आठवत होते, की माझ्या हातात आलेल्या मूळ टिपणात अशा माणसांसाठी काहीतरी तरतूद होती. म्हणजे माझा मसुदा पुढे गेल्यावर वरच्या कोणीतरी ती कापली! दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी अवर सचिव बाईंच्या खोलीत उभा होतो आणि आयुष्यात प्रथमच आवाज चढवून बोलत होतो.

"बाई, या निष्काळजीपणाची जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. ज्याने ही तरतूद वगळली त्याला माणसं माहीत नाहीत. नुसते कागद माहीत आहेत!"

बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी मूळ फाइल मागवली, पान क्रमांक बावन्न काढले आणि फाइल माझ्याकडे वळवली.

नवव्या कलमाखाली खरोखरच एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, होते: यांपैकी काहीही घेता येत नसेल, तर त्या रहिवाशाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींच्या लेखी निवेदनावरून अधिकाऱ्याची खात्री पटल्यास नोंदणी करता येईल. त्याच्यावर एक लाल रेघ होती, पट्टीने मारावी तशी सरळ. समासात लाल पेन्सिलीनेच लिहिले होते: "अनावश्यक पाल्हाळ. वाक्याचा डौल बिघडतो. बोटे आणि डोळे नसलेला रहिवासी सहसा आढळत नाही." खाली आद्याक्षरे. अक्षर सुंदर होते. माझे अक्षर सुंदर आहे.

बाईंनी मला खुर्चीवर बसायला सांगितले. पाणी मागवले. मग म्हणाल्या, "एकतिसाव्या कलमाखाली अडचण दूर करण्याचा आदेश काढता येतो. ही नोंद रद्द करून परंतुक लागू करता येईल. पण एक आहे. सभागृहाने विचारपूर्वक वगळलं, असंच आपण धरून चालतो. ते विचारपूर्वक नव्हतं, मसुद्यातली चूक होती, असं कोणीतरी लेखी म्हटलं पाहिजे."

"कोणीतरी म्हणजे..."

"सही ज्याची आहे त्याने. आणि मग ते प्रशस्तिपत्र राहणार नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल."

"मी विचार करून सांगतो," मी म्हणालो. हे वाक्य लिहिताना मला आजही बरे वाटत नाही.

शनिवारी मास्तर वर आले. सगळे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग अडचण काय आहे? एकोणीसला रुग्णालयात ठसा पडताळतील. तुम्ही सोबत जाणारच. ताईंचा हात धरून आत न्यायचं, आणि काचेवर अंगठा तुमचा ठेवायचा. गर्दीत कोण बघतंय? अंगठा तुमचा, डोळा त्यांचा. सगळं कायद्यात बसलं!"

पत्नी माझ्याकडे पाहू लागली. मी खिडकीकडे पाहू लागलो. खरे सांगायचे, तर ही युक्ती मला शुक्रवारीच सुचली होती. तिच्यात ताईचा डोळा वाचत होता, माझे प्रशस्तिपत्र वाचत होते, कोणाचे काहीच जात नव्हते. मी ती मनात एका वाक्यात मांडूनही पाहिली होती, आणि वाक्याला डौल होता.

ताई कोपऱ्यात जमिनीवर बसून एका जाड शब्दकोशाला पुठ्ठा चढवत होती. डोळे मिटलेले. बोट कडेवरून फिरवत ती कागद दुमडत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "ग्रंथालयात जाऊन कुठलंही जुनं पुस्तक काढा. बांधणी माझी आहे की नाही, ते मी हात लावून सांगेन. चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या कामावर माझं नाव घातलं नाही, आणि माझ्या कामावर दुसऱ्याचं घालू दिलं नाही. आता माझ्या नावावर याचा अंगठा?"

"अहो ताई, पण डोळा..."

"डोळा जाईल तर जाईल. चहा ओतता येतोच मला." मग ती माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या आवाजाच्या अंदाजाने वळली, आणि थोडी चुकली. "तू का गप्प आहेस? बाईंनी काय सांगितलं ते सगळं सांगितलं नाहीस तू. लहानपणापासून असं अर्धं सांगताना तू नाकाने जोरजोरात श्वास घेतोस."

मी सगळे सांगितले. पान बावन्न, लाल रेघ, समासातला शेरा. शेरा सांगताना 'सहसा आढळत नाही' हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेनात.

 मला वाटले, आता ती रागावेल. मी त्याची वाटच पाहत होतो. ताई हसली. आधी हळू, मग पुठ्ठा बाजूला ठेवून, पदराने डोळे पुसत. "म्हणजे मी आढळत नाही होय! अगं ऐकलंस का, मी सहसा आढळतच नाही!" पत्नीही हसू लागली. मास्तरांना विनोद कळला नाही, पण तेही सामील झाले. घरातला एकटा मीच गंभीर होतो, आणि तेही फार वेळ जमले नाही.

रविवारी दुपारी मी निवेदन लिहिले. पाच वाक्ये झाली. ताईला वाचून दाखवले. ती डोळे मिटून ऐकत होती.

"ते दुसरं काढ. 'कामाच्या अतिव्यग्रतेमुळे'. तू कुठे व्यग्र होतास? तुला डौल हवा होता."

मी ते काढले.

"चौथंही काढ. त्यात तू स्वतःची कीव केली आहेस."

तेही काढले. उरली तीन वाक्ये. नवव्या कलमातील परंतुक मी वगळले. ते वगळण्याची शिफारस विचारपूर्वक नव्हती, ती माझी चूक होती. अशा रहिवाशांपैकी एक माझी बहीण असून, पुस्तकबांधणीच्या कामात तिच्या बोटांवरील रेघा झिजल्या आहेत. गेल्या तीस वर्षांत मी इतके चांगले काही लिहिलेले नाही, आणि संपादन माझे नव्हते.

"आता बरं आहे," ताई म्हणाली. "शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिही."

पुढचे सांगण्यासारखे थोडेच आहे. अवर सचिव बाईंनी फाइल स्वतः हातात घेऊन टेबलामागून टेबल फिरवली, आणि आदेश अठरा तारखेला सकाळी निघाला. ग्रंथपाल आणि मास्तर या दोघांनी ताईला ओळखत असल्याचे लिहून दिले. मास्तरांच्या निवेदनात ग्लिसरीनचा उल्लेख होता, तो गाळावा लागला. एकोणीस तारखेला डावा डोळा झाला. पट्टी सुटल्यावर ताईने आधी माझ्या डोक्याकडे पाहिले आणि विचारले, "केस कुठे गेले रे तुझे?" परंतुकाखाली नोंद झालेली राज्यातली ती पहिली रहिवासी. हे मी आता विभागात सांगतो, आणि माझ्या कलमाविषयी सांगत असे त्याहून पुष्कळ वेळा सांगतो.

पण मला सांगायचे आहे ते सोळा तारखेचे, सोमवारचे. निवेदन मी बाईंच्या हातात थेट देऊ शकलो असतो. ते गुपचूप फाइलमध्ये गेले असते आणि चारचौघांना कळले नसते. जिन्यात मी क्षणभर तसा विचारही केला. मग तळमजल्यावर उतरलो आणि आवक खिडकीसमोरच्या रांगेत उभा राहिलो. पुढे नऊ माणसे होती. त्यांतल्या दोघांनी मला ओळखून आधी जायला सांगितले. मी नको म्हणालो. पंचवीस मिनिटांनी माझा नंबर आला. कारकुनाने मान वर न करता नोंदवही पुढे ओढली.

"विषय काय लिहू?"

"मसुद्यातली चूक."

"कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

त्याने तसे लिहिले, निवेदनावर शिक्का मारला, पोच माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.